दोन पदे, एक व्यक्ती: आधी हक्क कोणाचा?

एका विद्यापीठात बरीच वर्षे अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आणि गेल्या निवडणुकीत नगरसेविका म्हणून निवडून आलेल्या वाचक भगिनीच्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

त्या लिहितात की सकाळी तास, दुपारी प्रभागातल्या तक्रारी आणि संध्याकाळी समित्यांच्या बैठका यांत दिवस संपतो. संशोधन थंडावले, असे विभागातले सहकारी म्हणतात; हा त्यांचा मत्सर आहे, असे बाईंना वाटते. ताई अजून वर्गातच अडकल्या आहेत, असे पक्षाचे कार्यकर्ते म्हणतात. अलीकडे दोन गोष्टींनी त्यांची झोप उडवली आहे. त्यांच्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, जे त्यांचे मतदारही आहेत, मुलाच्या अंतर्गत गुणांकडे ‘जरा लक्ष द्या’ असे सुचवले. आणि विद्यापीठाच्या विस्तारासाठी लागणाऱ्या जमिनीचा प्रस्ताव लवकरच सभागृहापुढे येणार आहे. पुढच्या निवडणुकीआधी पूर्णवेळ राजकारणात या, असा पक्षाचा आग्रह आहे. त्या विचारतात: “दोन्हीकडे मी अर्धीच उरले आहे असे वाटते. प्रामाणिकपणे वागायचे असेल तर यांतले कोणते सोडू? आणि तोपर्यंत वर्गात माझी मते मुळीच कळू न देणे हेच योग्य ना?”

आपल्याला वेळ पुरत नाही म्हणून आपण अप्रामाणिक ठरत आहोत, असे गृहीत धरून तुम्ही पत्र लिहिले आहे, आणि मला पहिला प्रश्न त्या गृहीतकालाच विचारावासा वाटतो. ज्या दोन प्रसंगांनी तुम्ही अस्वस्थ झालात, त्यांचा वेळेशी काहीही संबंध नाही. तुमचा दिवस दुप्पट लांब असता तरी ते वडील आलेच असते आणि जमिनीचा प्रस्तावही आलाच असता. वेळेची टंचाई आणि भूमिकांची टक्कर या दोन वेगळ्या अडचणी आहेत. थकलेल्या माणसाला त्या एकच वाटतात आणि मग एक पद सोडले की दोन्ही सुटतील असा भास होतो. पहिली अडचण कामाच्या वाटपाने बरीचशी हलकी होते. दुसरी मात्र कधीकधी राजीनाम्यानंतरही उरते, कारण पूर्णवेळ नगरसेविकेलाही शेजारी, नातलग आणि जुने विद्यार्थी असतातच.

दोन्ही कामे एकाच वेळी करणे हे मुळातच गैर आहे, असे इतिहास पाहता म्हणता येत नाही. चार्ल्स मेरियम हे शिकागो विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत असताना 1909 मध्ये त्या शहराच्या नगरसभेवर निवडून आले, 1911 मध्ये महापौरपदाची निवडणूक हरले, 1913 ते 1917 या काळात पुन्हा नगरसभेत बसले, आणि तिथे शहराच्या खर्चाची जी चौकशी त्यांनी चालवली तिच्यातून मिळालेली समज पुढे त्यांच्या अभ्यासाचा कणा झाली. त्याच विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ पॉल डग्लस 1939 मध्ये त्याच नगरसभेत गेले. तुमच्या विद्यार्थ्यांना ते कॉब-डग्लस उत्पादन फलनामुळे, म्हणजे श्रम आणि भांडवल यांतून किती उत्पादन होते ते सांगणाऱ्या सूत्रामुळे, माहीत असतील. आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखले 1899 मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून आले तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवतच होते. ते महाविद्यालय चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दीर्घ सेवेचे जे बंधन स्वीकारलेले असे ते त्यांनी पाळले आणि 1902 मध्ये अध्यापनातून निवृत्त होऊन सार्वजनिक कामाला वाहून घेतले. ही नावे मी तुम्हाला धीर देण्यासाठी घेत नाही. या तिघांनाही काहीतरी मागे सोडावे लागले. फक्त केव्हा आणि कशासाठी सोडायचे, हे त्यांनी थकव्यावर सोपवले नाही.

पक्षाच्या आग्रहाबद्दल मी अधिक सावध आहे. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी 1919 च्या एका प्रसिद्ध व्याख्यानात राजकारणासाठी जगणे आणि राजकारणावर जगणे यांत भेद केला होता. ज्याची उपजीविका राजकारणाबाहेर सुरक्षित आहे, त्याला नको त्या ठरावाला नाही म्हणणे जरा सोपे जाते. तुमचा विद्यापीठातला पगार हे तुमच्या राजकीय स्वातंत्र्याचे मोठे साधन आहे, आणि ‘पूर्णवेळ या’ म्हणणाऱ्यांना हे कळत नसेल असे मला वाटत नाही. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण नोकरी सोडल्यावर पुढची उमेदवारी कोणाच्या हातात असेल, आणि ती नाकारली गेली तर तुमचे घर कशावर चालेल, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढल्याशिवाय कोणताही शब्द देऊ नका. राजीनामा हा नेहमीच अधिक प्रामाणिक मार्ग असतो, हेही एक न तपासलेले गृहीतक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात मतदार आणि विद्यार्थी एकाच तराजूत आहेत: इकडे इतके तास दिले, तिकडे इतके कमी पडले. माझ्या मते हा तराजूच चुकीचा आहे, कारण या दोघांची तुमच्यापुढची स्थिती सारखी नाही. मतदार तुमच्यावर नाराज झाला तर तो सभेत जाब विचारतो, वर्तमानपत्राकडे जातो आणि मुदत संपली की तुम्हाला घरी बसवतो. विद्यार्थ्याकडे यांतले काहीच नाही. तुमचा विषय सक्तीचा असेल तर तो तुमच्या वर्गात येणे टाळू शकत नाही, तुमच्या हातात त्याचे गुण आहेत, शिफारसपत्र आहे, कदाचित प्रबंधही आहे, आणि तुम्ही सत्तेतल्या व्यक्ती आहात हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणून दोन्ही कर्तव्ये समोरासमोर आली की जो तुम्हाला हटवू शकत नाही त्याचा हक्क आधी, असा नियम मी तुम्हाला सुचवेन. मतदार कमी महत्त्वाचा आहे असा याचा अर्थ नाही. ज्याच्या हातात स्वतःचे रक्षण करण्याचे साधन नाही त्याचे रक्षण ज्याच्याकडे अधिकार आहे त्यानेच करायचे असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

या नियमाने गुणांचा प्रसंग पाहा. त्या वडिलांना ‘मी बघते’ असे मोघम म्हणून वाटेला लावण्याचा मोह तुम्हाला झाला असेल, कारण राजकारणात अशा मोघमपणाची सवय लवकर जडते. तो मोह आवरा. त्या उत्तराने वडिलांना खोटी आशा मिळते, मुलाला उद्या मिळालेले खरे गुणही संशयास्पद होतात आणि वर्गातल्या इतरांपर्यंत ही गोष्ट पोचली की तुमच्या एकूण मूल्यमापनावरचा विश्वास जातो. मुलाच्या गुणांबद्दल मी कोणाशीच बोलत नाही, त्याला शंका असेल तर त्याने स्वतः विभागात ठरलेल्या पद्धतीने अर्ज करावा, आणि प्रभागातले तुमचे काम असेल तर ते आत्ता सांगा, असे शांतपणे आणि पहिल्याच वाक्यात सांगा. त्यानंतर त्यांच्या प्रभागातल्या तक्रारीचे काम नेहमीइतक्याच तत्परतेने करा, म्हणजे नकाराची शिक्षा म्हणून ते काम अडले असे त्यांना वाटणार नाही. त्याच दिवशी विभागप्रमुखांना दोन ओळींची लेखी नोंद द्या आणि त्या विद्यार्थ्याच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी दुसरा परीक्षक मागा. मी तर म्हणेन की तुमच्या सगळ्याच उत्तरपत्रिका नावे झाकून तपासण्याची आणि काही उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाकडून पडताळून घेण्याची व्यवस्था तुम्ही स्वतःहून मागावी. एका मुलापुरती वेगळी सोय केली की त्याच्याकडे सगळ्यांची बोटे वळतात. सर्वांसाठी एकच सोय असली की कोणाचेच नाव येत नाही.

वर्गातल्या मौनाबद्दल मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. वेबर यांनीच 1917 मध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना असे मांडले होते की व्याख्यानगृहात समोरच्यांना गप्प बसून ऐकावे लागते, तिथे त्यांना प्रतिवाद करता येत नाही, म्हणून राजकीय मतप्रचाराची ती जागा नव्हे. हे तत्त्व मला आजही पटते. पण ज्या व्यक्तीचे छायाचित्र निवडणुकीच्या फलकांवर सगळ्यांनी पाहिले आहे, तिने वर्गात आपले काहीच मत नसल्यासारखे वागणे हे तटस्थतेचे लक्षण नाही. विद्यार्थ्यांना तुमचे मत माहीत असते. त्यावर बोलायला मनाई आहे एवढेच ते तुमच्या मौनातून शिकतात. त्यापेक्षा सत्राच्या सुरुवातीला एकदाच, साध्या शब्दांत सांगून टाका की मी अमुक पक्षाची नगरसेविका आहे, काही प्रश्नांवर माझी ठाम मते आहेत, त्यांच्याशी असहमत होण्याने कोणाचेही गुण कमी होणार नाहीत आणि तसे झाले असे वाटले तर तक्रार कोणाकडे करायची ते हे. मग आपल्या विषयाकडे वळा.

त्यानंतरची शिस्त अधिक अवघड आहे. स्थानिक कर, पाणीपट्टी किंवा सार्वजनिक वाहतुकीचे अनुदान शिकवताना तुमच्या विरोधकांची बाजू त्यांनी स्वतः मांडली असती तितक्या ताकदीने मांडा. सभागृहात चालू असलेल्या वादावर परीक्षेत असा प्रश्न घालू नका की ज्याचे ‘बरोबर’ उत्तर तुमच्या पक्षाच्या भूमिकेशी जुळते. प्रचाराला, सभेला, मतदार याद्यांच्या कामाला आपल्या चालू विद्यार्थ्यांपैकी कोणालाही घेऊ नका, तो स्वतःहून आला तरी नाही, कारण त्याची स्वेच्छा किती मोकळी आहे हे तुम्हाला किंवा त्याला कधीच नक्की कळणार नाही. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर तो आला तर गोष्ट निराळी.

याच्या उलट दिशेची देवाणघेवाण मात्र मनमोकळेपणाने करा. अंतानास मोकुस हे कोलंबियाच्या राष्ट्रीय विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि 1995 मध्ये बोगोटाचे महापौर झाले. वाहतुकीची शिस्त लावण्यासाठी त्यांनी रस्त्यांवर मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले आणि एकमेकांच्या वागण्याला पसंती वा नापसंती दाखवण्यासाठी नागरिकांना कार्डे वाटली. शिक्षकाची नजर शहरापुढे नेली की काय घडू शकते याचे ते चांगले उदाहरण आहे. अंदाजपत्रक समजावून सांगणारी प्रभागसभा तुम्ही ज्या ताकदीने घेऊ शकाल, तशी घेणारे लोक कोणत्याही सभागृहात थोडेच असतात. शिकवण्याचे कौशल्य राजकारणात न्यावे, राजकारणाचे हिशेब वर्गात आणू नयेत.

जमिनीच्या प्रस्तावाबाबत मला फारसा संदेह नाही. ज्या संस्थेकडून तुम्हाला पगार मिळतो तिच्या लाभाच्या निर्णयात तुम्ही भाग घेऊ नये. पुष्कळ सदस्य अशा वेळी मतदानापुरते तटस्थ राहतात आणि चर्चेत मात्र बसून राहतात. तेवढे पुरेसे नाही, कारण तुमच्या उपस्थितीनेही इतरांच्या बोलण्यावर परिणाम होतो. आपला संबंध आधी लेखी जाहीर करा, चर्चा सुरू होण्यापूर्वी बाहेर जा आणि तशी नोंद इतिवृत्तात घेतली गेली आहे याची खात्री करा. सभागृहाबाहेर सहकाऱ्यांशी त्या विषयावर खासगीत बोलणेही टाळा. यात एक खरी अडचण आहे: ती जमीन तुमच्या प्रभागाजवळ असेल तर तुमच्या मतदारांचा आवाज त्या दिवशी सभागृहात नसेल. त्यावर उपाय म्हणून प्रभागात अगोदर जाहीरपणे सांगा की या विषयात मी भाग घेऊ शकत नाही, तुमच्या हरकती आणि सूचना तुम्ही थेट नोंदवा, त्या नोंदवण्याची मुदत आणि पद्धत अशी आहे. विद्यापीठातही ही माहिती वेळेवर द्या, म्हणजे ‘तुम्ही आपल्याच आहात’ असा निरोप घेऊन कोणी येणार नाही. तुमच्या बढतीचा किंवा रजेचा अर्ज त्याच सुमारास प्रलंबित असेल तर त्याचीही नोंद तुमच्या जाहीर निवेदनात असू द्या. पॉल डग्लस पुढे सिनेटर झाले तेव्हा अडीच डॉलरपेक्षा अधिक किमतीची भेट घ्यायची नाही, अशी मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतली होती. आकडा लहान होता, पण मोह समोर येण्याआधी ठरलेला होता, म्हणून प्रत्येक वेळी नव्याने विचार करण्याची गरज उरत नसे. तुमच्याही काही मर्यादा अशाच आधी ठरलेल्या असाव्यात.

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे तुम्ही मत्सर म्हणून बाजूला सारले आहे, आणि इथे मला तुमच्या विरुद्ध बाजूने बोलावे लागेल. तुम्ही समितीच्या बैठकीला गेलात की तुमचा तास कोण घेतो? प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या काळातली कामे कोणाकडे जातात? बहुतेक वेळा ती कनिष्ठ आणि कंत्राटी शिक्षकांकडे जातात, ज्यांना नाही म्हणता येत नाही, आणि वर सांगितलेला नियम त्यांनाही लागू होतो. म्हणून तोंडी समजुतीवर चालणारी सवलत बंद करा. आपल्या संस्थेचे सेवानियम मुळातून वाचा, कारण निवडून आलेल्या शिक्षकासाठी परवानगी, रजा आणि मानधन यांच्या अटी ठिकठिकाणी वेगळ्या असतात आणि ऐकीव माहितीवर विसंबलेल्यांना नंतर त्रास होतो. शक्य असेल तर मुदत संपेपर्यंत कमी कार्यभार आणि त्या प्रमाणात कमी वेतन, असा लेखी करार मागा आणि वाचलेल्या वेतनातून बदली शिक्षकाची नेमणूक व्हावी असा आग्रह धरा. पगार पूर्ण आणि काम अर्धे, ही स्थिती तुम्ही कितीही कष्ट केलेत तरी न्याय्य ठरणार नाही.

संशोधनाबाबत इतकेच सांगते की एक धागा तुटू देऊ नका, मग तो वर्षाला एक लहान लेख असला तरी चालेल. युद्धसेवेनंतर विद्यापीठात परतलेल्या डग्लस यांना आपला विभाग वैचारिकदृष्ट्या बराच बदललेला आढळला होता. आपली खुर्ची आहे तशी वाट पाहत राहील, असे कोणत्याही विभागाबद्दल धरून चालू नये. नगरसेविका म्हणून हाती आलेली गोपनीय कागदपत्रे मात्र संशोधनात वापरू नका, आणि सार्वजनिक कागदपत्रांवर लिहिताना आपले पद लेखात नमूद करा.

मग सोडायचे काय? आत्ता, मुदतीच्या मध्यावर, मी काहीच सोडायला सांगणार नाही. मुदत हा मतदारांना दिलेला शब्द आहे. मोकुस राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवण्यासाठी 1997 मध्ये महापौरपद मध्येच सोडून गेले आणि पुन्हा उभे राहताना त्यांना त्याबद्दल शहराची जाहीर माफी मागावी लागली. कमी कार्यभार घेऊन मुदत पूर्ण करा आणि पुढच्या निवडणुकीचा निर्णय उमेदवारीची चर्चा तापण्याच्या बऱ्याच आधी घ्या. त्या वेळी स्वतःला तपासण्यासाठी काही खुणा सांगते. पक्षाला न आवडणारी आकडेवारी वर्गात दाखवताना तुमचा हात अडखळू लागला असेल, तुमच्या उपस्थितीत विद्यार्थी स्थानिक प्रश्नांवर बोलायचे थांबले असतील, किंवा तास बुडाल्याचे तुम्हाला वाईट वाटेनासे झाले असेल, तर अध्यापनातून पूर्ण मुदतीची बिनपगारी रजा घ्या, आणि ती मिळत नसेल तर एक पद सोडा. यांतले काहीच घडले नसेल तर दोन्ही कामे चालू ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही, मग लोक तुम्हाला अर्धे म्हणोत की आणखी काही. घरच्यांचे मत तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. या निर्णयाचा भार त्यांच्यावरही पडणार आहे, तेव्हा पक्षाच्या बैठकीआधी त्यांच्याशी बोला.

तुमच्याकडे प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्यांचा उल्लेख पत्रात ओझरता आहे, पण सगळ्यांत आधी मी त्यांचाच विचार करेन. त्यांचे काम तुमच्या राजकीय मुदतीपेक्षा लांब चालू शकते आणि मार्गदर्शक अर्ध्यात दूर झाला तर सर्वांत मोठे नुकसान त्यांचे होते. या सत्रात प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बसून तुमच्यापुढच्या शक्यतांची यादी त्यांच्यापुढे ठेवा, भेटीचा एक ठरावीक वार असा राखून ठेवा की जो कोणत्याही समितीच्या बैठकीसाठी हलणार नाही, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी सहमार्गदर्शक नेमण्याचा अर्ज विभागाकडे आत्ताच करा. नवीन विद्यार्थी मात्र पुढच्या निवडणुकीबद्दलचा तुमचा निर्णय होईपर्यंत स्वीकारू नका.